रेल्वे वाहनांच्या बांधणी-दुरुस्तीच्या कामात उतरताना: तयारी, कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

इंजिने, डबे आणि वाघिणी (मालगाडीचे डबे) बांधण्याच्या किंवा दुरुस्त करण्याच्या कामात येऊ पाहणारी मुले-मुली मेहनतीत कमी पडत नाहीत, त्यांचा क्रम चुकतो. आधी प्रमाणपत्र, मग हत्यार आणि सर्वांत शेवटी मोजमाप व नोंद, असा उलटा प्रवास बरेच जण करतात आणि कार्यशाळेत पहिल्याच महिन्यात अडखळतात. मी नवशिक्यांना हाताखाली घेऊन शिकवतो आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहतो, म्हणून योग्य क्रम येथे सविस्तर मांडत आहे. मधला एखादा टप्पा गाळला तर पुढचे काम लगेच बिघडत नाही, ते काही महिन्यांनी बिघडते आणि तोवर त्याचे मूळ सापडेनासे होते. त्यामुळे ज्या टप्प्यानंतर तपासणी दिली आहे तेथे ती पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टप्पा १: बांधणी की दुरुस्ती, आणि कोणती शाखा

बांधणीत वाहन एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्याकडे सरकते, प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीक काम येते, सुटे भाग नवे असतात आणि आज केलेले काम उद्या तसेच पुन्हा करायचे असते. दुरुस्तीत मात्र प्रत्येक वाहन वेगळे असते: गंजलेले बोल्ट, असमान झिजलेली चाके, पूर्वी कोणीतरी वेळ मारून नेण्यासाठी केलेली जोडणी, हे सगळे समोर येते. शिवाय गाड्या दिवसा धावतात, त्यामुळे दैनंदिन देखभालीचा मोठा भाग रात्रपाळीत होतो. ज्याला तंतोतंत पुनरावृत्ती आवडते त्याने बांधणीकडे जावे. ज्याला कारण शोधण्यात रस आहे त्याने दुरुस्तीकडे जावे.

शाखा ढोबळमानाने चार आहेत: बोगी (डब्याखालची, चाके बसवलेली चौकट), चाके, सस्पेन्शन (धक्के झेलणारी स्प्रिंगांची रचना) आणि कपलर (दोन डबे जोडणारा भाग) यांचे यांत्रिक काम, ब्रेक आणि दाबाखालील हवेचे काम, विद्युत आणि नियंत्रणाचे काम, आणि सांगाडा, वेल्डिंग, दरवाजे, आतील जोडणी यांचे काम. नवशिक्याने पहिले वर्ष यांत्रिक किंवा ब्रेकच्या कामात घालवावे असे माझे मत आहे, कारण वाहनावर वजन कुठून कुठे जाते आणि ते कशाने थांबते हे एकदा हाताने कळले की बाकीच्या शाखा समजायला सोप्या जातात.

तपासणी: प्रशिक्षणाचे शुल्क भरण्यापूर्वी दृष्टी, रंगदृष्टी आणि श्रवण यांची वैद्यकीय चाचणी करून घ्यावी. तारांचे रंग आणि दर्शक दिव्यांचे रंग ओळखणे ही अनेक पदांसाठी अट असते, आणि ती पूर्ण होत नाही हे दोन वर्षांच्या शिक्षणानंतर कळणे फार क्लेशदायक असते.

टप्पा २: हात आणि नकाशा, दोन्ही एकाच वेळी

कानस चालवणे, आखणी करणे, भोक पाडून आटे पाडणे ही कामे जुनाट वाटतात, पण धातू कुठे आणि किती दबतो हे त्यांतूनच कळते. आठवड्याचे निम्मे तास त्यांना आणि निम्मे अभियांत्रिकी नकाशे वाचायला द्यावेत. नकाशा नंतर शिकू असे म्हणणारे पुढे दुसऱ्याने सांगितले तेवढेच करणारे मदतनीस होऊन राहतात.

नकाशात सर्वांत आधी प्रक्षेपणाचे चिन्ह पाहावे. पहिल्या कोनातील आणि तिसऱ्या कोनातील प्रक्षेपणात बाजूच्या दृश्यांची जागा उलट असते. ते चिन्ह न पाहता काम केले तर उजव्या हाताचा ब्रॅकेट डाव्या हाताचा होतो, आणि तो वाहनावर बसवायला नेईपर्यंत चूक दिसत नाही. दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे नकाशाचा किंवा देखभाल पुस्तिकेचा आवृत्ती क्रमांक. भिंतीवर चिकटवलेली जुनी प्रत सोयीची असते, पण तिच्यातील मर्यादा बदललेल्या असू शकतात.

तपासणी: एका साध्या भागाचा नकाशा घेऊन त्यातील प्रत्येक सहनमर्यादा, म्हणजे मापात चालणारा फरक, तोंडी सांगता आली पाहिजे, आणि तो भाग पुठ्ठ्यात कापून डावा-उजवा बरोबर दाखवता आला पाहिजे.

टप्पा ३: मोजमाप

हा टप्पा मी मुद्दाम सर्वांत मोठा ठेवला आहे, कारण रेल्वे वाहनांच्या कामात पान्यापेक्षा मापाला अधिक किंमत आहे. चाक बदलायचे, खरादावर (लेथवर) घ्यायचे की तसेच धावू द्यायचे, हा निर्णय काही मिलिमीटरांवर होतो आणि ते मिलिमीटर मोजणारा माणूस तुम्ही असता.

व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज आणि फिलर गेज यांवर हात बसला की चाक-जोडीकडे, म्हणजे एका अॅक्सलवर (आसावर) बसवलेल्या दोन चाकांकडे, वळावे. चाकाच्या आतल्या कडेकडे उंच उठलेला भाग म्हणजे फ्लँज, आणि रुळावर टेकणारा भाग म्हणजे ट्रेड. युरोपीय मानकांच्या पद्धतीत चाकाच्या आतल्या पृष्ठापासून ७० मिलिमीटरवर मोजणीचे वर्तुळ धरतात. त्या वर्तुळाच्या पातळीपासून फ्लँजची उंची मोजतात, आणि त्याच पातळीच्या १० मिलिमीटर वर फ्लँजची जाडी मोजतात. ट्रेड झिजला की फ्लँज उंच झाल्यासारखी दिसते. नवशिक्या नेहमी येथेच फसतो. फ्लँज वाढलेली नसते, तिच्या शेजारची जमीन खचलेली असते. म्हणून उंची आणि जाडी ही दोन्ही मापे एकत्र वाचावीत. उंची वाढत आहे आणि जाडी कायम आहे, तर झीज ट्रेडवर आहे. जाडी घटत आहे, तर चाक रुळाला बाजूने घासत आहे आणि शोध बोगीकडे न्यायला हवा.

त्यानंतर दोन चाकांच्या आतल्या पृष्ठांमधील अंतर. १४३५ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावर ते साधारण १३६० मिलिमीटर असते. ते परिघावर एकाच जागी मोजून थांबणे ही सर्रास होणारी चूक आहे. ते एकमेकांपासून १२० अंशांवर असलेल्या तीन जागी मोजावे, कारण तिन्ही मापे जुळली नाहीत तर अॅक्सल वाकला असण्याची किंवा चाक तिरके बसले असण्याची शक्यता असते. वाहन रुळावर भार घेऊन उभे असताना आणि चाक-जोडी मोकळी असताना हे अंतर किंचित वेगळे येते, त्यामुळे पुस्तिकेत कोणती स्थिती सांगितली आहे ते आधी पाहावे.

तापमान विसरू नये. मापांचे संदर्भ तापमान २० अंश सेल्सियस आहे. ९०० मिलिमीटर व्यासाचे पोलादी चाक १० अंशांनी तापले की त्याचा व्यास साधारण ०.१ मिलिमीटरने वाढतो. एकाच अॅक्सलवरील दोन चाकांच्या व्यासांतील फरक मिलिमीटरच्या अंशांत तपासायचा असतो. अशा वेळी खरादावरून नुकतेच उतरलेले एक चाक आणि रात्रभर थंड झालेले दुसरे चाक यांची तुलना करणे व्यर्थ आहे.

चाक घसटून पडलेला सपाट भाग मोजण्याची एक रीत मी प्रत्येकाला पाठ करायला लावतो. सपाट भागाच्या लांबीचा वर्ग करावा आणि त्याला व्यासाच्या चौपटीने भागावे. ९०० मिलिमीटरच्या चाकावर ६० मिलिमीटर लांबीचा ताजा सपाट भाग असेल तर ३६०० भागिले ३६००, म्हणजे खोली १ मिलिमीटर येते. लांबी निम्मी, म्हणजे ३० मिलिमीटर, असेल तर खोली ०.२५ मिलिमीटर येते. सपाट भागाच्या कडा घासून गोल झाल्यावर मात्र हे सूत्र खरी खोली देत नाही. तेव्हा थेट मोजावे.

माझ्या उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी एका कार्यशाळेत मी आठ चाकांचे व्यास मोजून पत्रकात भरले. गेज सकाळी कोणाच्या तरी हातून पडले होते आणि मी ते प्रमाण तबकडीवर (गेज तपासण्यासाठीची ठरलेल्या मापाची तबकडी) लावून न पाहता थेट वापरले. सगळी मापे सारख्याच प्रमाणात चुकली असती तर निदान जोड्या तरी जुळल्या असत्या, पण गेजचा पाय सैल झाला होता आणि प्रत्येक वेळी तो वेगळा बसत होता. जोड्या लागल्या, बोगी जुळवली गेली आणि तिसऱ्या दिवशी सगळे उघडावे लागले. तेव्हापासून मोजणीच्या आधी एकदा आणि मोजणी संपल्यावर एकदा, असे दोन्ही वेळा प्रमाण तबकडीवर गेज लावल्याशिवाय मी एकही आकडा लिहीत नाही आणि शिकणाऱ्यांनाही लिहू देत नाही.

तपासणी: एकच चाक-जोडी दोन वेगळ्या दिवशी, आधीचे पत्रक न पाहता मोजावी. दोन्ही दिवसांचे आकडे गेजच्या अचूकतेच्या आत जुळले नाहीत तर पुढच्या टप्प्याला हात लावू नये.

टप्पा ४: वाहन कामासाठी सुरक्षित करणे

उभे वाहन म्हणजे निर्धोक वाहन नव्हे. त्यात वीज, दाबाखालील हवा, दाबलेल्या स्प्रिंगा आणि स्वतःचे वजन अशा चार प्रकारची शक्ती साठलेली असते. ती पुढील क्रमाने काढून घ्यावी.

१. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. हे सर्वांत आधी करायचे, कारण पुढच्या पायऱ्यांत ब्रेक सुटणार असतो.

२. वाहन हलवू नये असा फलक किंवा दिवा ठरलेल्या जागी लावावा आणि त्या मार्गावर दुसरे वाहन येणार नाही याची जबाबदार व्यक्तीकडून खात्री घ्यावी.

३. विजेचा पुरवठा तोडावा, कुलूप लावावे, किल्ली स्वतःजवळ ठेवावी आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी अडकवावी. वरच्या तारेतील दाब अनेक मार्गांवर २५ किलोव्होल्ट असतो. ती तार बंद करून भूसंपर्कित करणे हे अधिकृत व्यक्तीचेच काम आहे, शिकाऊ उमेदवाराचे कधीही नाही.

४. पँटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा छतावरील सांगाडा) खाली आला तरी विद्युत संचातील कपॅसिटर (वीज साठवणारे घटक) भारलेले राहतात. पुस्तिकेत सांगितलेला वेळ घड्याळ लावून थांबावे आणि नंतर परीक्षकाने, म्हणजे विजेचा दाब दाखवणाऱ्या उपकरणाने, दाब शून्य असल्याचे पाहावे. परीक्षक आधी चालू स्रोतावर तपासावा, मग कामाच्या जागी लावावा आणि पुन्हा चालू स्रोतावर तपासावा. मधल्या वेळेत परीक्षकच बिघडला तर तो तेथेही शून्यच दाखवतो.

५. शेवटी हवा. ब्रेक पाइपमध्ये बहुतेक ठिकाणी सुमारे ५ बार दाब असतो. तो सोडला की काम झाले असे नवशिक्याला वाटते, पण प्रत्यक्षात उलट घडते. स्वयंचलित हवाई ब्रेकची रचनाच अशी आहे की पाइपमधील दाब घटला की साठवण टाकीतील हवा ब्रेक सिलिंडरमध्ये जाते आणि ब्रेक लागतो. म्हणून पाइप, साठवण टाक्या, सिलिंडर आणि हवाई स्प्रिंगा या प्रत्येकातील दाब स्वतंत्रपणे शून्यावर आणावा.

इशारा: स्प्रिंगने लागणारा पार्किंग ब्रेक हवेच्या दाबाने सुटलेला असतो आणि दाब गेला की आपोआप आवळतो. हवा सोडत असताना ब्रेक पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये बोट असेल तर ते तेथेच चिरडले जाते. कॅलिपरवर (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावर) काम करायचे असेल तर पार्किंग ब्रेक पुस्तिकेतील पद्धतीने यांत्रिकरीत्या सोडवून अडकवून ठेवावा.

जुन्या वाहनांचे पत्रे किंवा आतली आवरणे काढताना आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. उष्णतारोधक थरात अॅस्बेस्टॉस आणि रंगात शिसे असू शकते. वाहनाच्या नोंदीत त्याचा उल्लेख तपासल्याशिवाय घासणे, कापणे किंवा दाबाच्या हवेने धूळ उडवणे टाळावे.

तपासणी: या पाच पायऱ्या कागद न पाहता, कारणासहित सांगता आल्या पाहिजेत. नुसता क्रम पाठ असून उपयोग नाही, कारण वेगळ्या बनावटीचे वाहन आले की कारणच उपयोगी पडते.

टप्पा ५: एक मोठे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत

वीस कामांत थोडा थोडा हात लावण्यापेक्षा एक काम पूर्ण करावे. माझी शिफारस डबा उचलून बोगी बदलण्याच्या कामाची आहे, कारण त्यात सगळ्या शाखा एकत्र येतात.

उचलण्यापूर्वी डबा आणि बोगी यांना जोडणारी प्रत्येक गोष्ट यादीत लिहून काढावी: हवेच्या नळ्या, भूसंपर्काच्या केबल, गतिमापकाच्या तारा, मोटरच्या केबल, डँपर (हेलकावे शोषणारे भाग) आणि मधला पिव्हट (बोगी ज्यावर वळते ती खुंटी). प्रत्येक जोड सोडवला की त्याच वेळी यादीवर खूण करावी. सगळे सोडवून झाल्यावर आठवून खुणा करू नयेत. चारही जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावेत आणि एकसमान चढवावेत. डबा साधारण ५० मिलिमीटर उचलला की थांबावे आणि चारही बाजूंनी फिरून, वाकून पाहावे. बहुतेक वेळा विसरलेली गोष्ट म्हणजे एखादी भूसंपर्काची केबल असते. ती आत, सावलीत असते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ५० मिलिमीटरवर ती नुसती ताणलेली दिसते, ५०० मिलिमीटरवर ती तुटलेली असते.

नवी बोगी लावताना बोल्ट आवळण्याची शिस्त येथेच लावून घ्यावी. बोल्टवर दिलेल्या बळाघूर्णाचा (टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ) फार मोठा भाग, ढोबळमानाने नऊ दशांश, आट्यांमधील आणि डोक्याखालील घर्षणात खर्च होतो आणि उरलेला थोडासा भागच बोल्टमध्ये ताण निर्माण करतो. म्हणजे कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांवर वापरला तर ताण प्रमाणाबाहेर जातो, आणि उलट केले तर बोल्ट सैल राहतो. टॉर्क रेंच मात्र दोन्ही वेळा सारखाच कट आवाज करते. आट्यांची स्थिती, वॉशर आणि आवळण्याचा क्रम पुस्तिकेप्रमाणे आहेत हे पाहूनच आकडा लावावा. आवळून झाल्यावर बोल्ट आणि पृष्ठभाग यांवरून रंगाची रेघ ओढावी. ही रेघ स्वतः आवळलेल्या बोल्टवरच ओढायची असते. रांगेतले सगळे झाले असतील असे धरून एका दमात रेघा ओढत जाणे ही गंभीर चूक आहे, कारण पुढचा तपासनीस त्या रेघेवर विश्वास ठेवतो.

इशारा: डब्यावर वेल्डिंग करायची वेळ आली तर परतीचा क्लँप वेल्डिंगच्या जागेच्या अगदी जवळ, त्याच भागावर लावावा. तो दूर रुळावर लावला तर विद्युतप्रवाह चाकांच्या बेअरिंगमधून जातो, रोलरवर बारीक खड्डे पडतात आणि ते बेअरिंग काही काळाने धावताना तापते. तेव्हा त्याचा संबंध वेल्डिंगशी कोणी जोडत नाही.

टप्पा ६: प्रमाणपत्रे

आता प्रमाणपत्रांची वेळ येते. वेल्डिंगमध्ये जायचे असेल तर आयएसओ ९६०६ ही वेल्डरची पात्रता ठरवणारी मालिका आणि ईएन १५०८५ ही खास रेल्वे वाहनांच्या वेल्डिंगची मालिका माहीत असावी. वेल्डरची पात्रता दर ६ महिन्यांनी पुष्टी करून घ्यावी लागते. ती तारीख चुकली तर कौशल्य असूनही काम देता येत नाही. अॅक्सलमधील भेगा शोधण्याच्या विनाशरहित चाचणीकडे वळायचे असेल तर आयएसओ ९७१२ नुसार तीन पातळ्या आहेत, प्रमाणपत्र ५ वर्षांसाठी असते आणि जवळच्या दृष्टीची तपासणी दरवर्षी करावी लागते. पहिल्या पातळीचा माणूस दिलेल्या सूचनेनुसार चाचणी करतो. चाचणीचे तंत्र निवडणे आणि निष्कर्ष काढणे ही कामे दुसऱ्या पातळीपासून सुरू होतात. पहिली पातळी मिळाल्यावर अॅक्सल पास किंवा नापास ठरवायला निघणारे उमेदवार मी पाहिले आहेत. त्यांना थांबवण्याची जबाबदारी त्यांच्या वरिष्ठांची असते, पण स्वतःची मर्यादा स्वतःला माहीत असणे अधिक बरे.

टप्पा ७: कामाची वही

पहिल्या दिवसापासून स्वतःची वही ठेवावी. तारीख, वाहनाचा प्रकार, काम, वापरलेल्या पुस्तिकेची आवृत्ती, गेजचा क्रमांक, घेतलेली मापे आणि देखरेख करणाऱ्याची सही, एवढे प्रत्येक नोंदीत हवे. मालकाच्या गोपनीय नकाशांची छायाचित्रे वहीत चिकटवू नयेत. आपण काय केले हे स्वतःच्या शब्दांत लिहावे.

कार्यशाळेच्या अधिकृत पत्रकाबाबत दोन गोष्टी कधीही करू नयेत. मागच्या पाळीचे आकडे पाहून आपले आकडे भरू नयेत, आणि न पाहिलेल्या कामाखाली सही करू नये, मग विनंती करणारा कितीही ज्येष्ठ असो. "मी हे पाहिलेले नाही, दाखवा म्हणजे सही करतो," एवढे वाक्य पुरते. एकाच वाहनाच्या सगळ्या चाकांची मापे नेमकी सारखी लिहिलेली दिसली तर अनुभवी तपासनीस पहिल्या नजरेतच ओळखतो की ती मोजलेली नाहीत.

टप्पा ८: निवड चाचणी आणि मुलाखत

प्रात्यक्षिक चाचणीत उमेदवार सर्वाधिक गुण वेगाच्या मोहापायी घालवतात. काम हाती मिळताच पान्याकडे जाऊ नये. आधी नकाशाची आवृत्ती विचारावी, गेजवरील अंशांकनाची (अचूकता तपासल्याची) तारीख पाहावी, ते शून्यावर लावावे आणि कामाची जागा पुसून घ्यावी. परीक्षक हे सगळे पाहत असतो.

मुलाखतीत बहुधा एखादा दोष सांगून कारण विचारतात, उदाहरणार्थ एका डब्याचा ब्रेक सुटत नाही. येथे ब्रेकच्या सगळ्या भागांची नावे घेत सुटू नये. शोध अर्धा-अर्धा करत जावा: हा दोष एकाच डब्यावर आहे की मागच्या सगळ्या डब्यांवर? सिलिंडरमध्ये अजून हवा आहे का? हवा असेल तर दोष व्हॉल्व्हच्या बाजूला आहे. हवा नसेल तर तो दांड्यांमध्ये, कॅलिपरमध्ये किंवा लागून राहिलेल्या पार्किंग ब्रेकमध्ये आहे. प्रत्येक प्रश्नानंतर आपण काय मोजणार आणि कोणत्या गेजने मोजणार हे सांगावे, आणि हात घालण्यापूर्वी चाकांना ठोकळे लावणार असल्याचे उत्तराच्या सुरुवातीलाच सांगावे.